भिंगबाईंचं कार्ड

स्वतःच्या सत्काराच्या दिवशी सकाळी पावणेआठला भिंगबाई बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे उकिडव्या बसल्या होत्या. समोर एक प्लास्टिकची कुंडी होती. कुंडीत वीतभर उंचीचं झुडूप होतं. त्याची खालची सगळी पानं नाण्यासारखी गोल होती, आणि अगदी शेंड्याला एक नवं पान फुटलं होतं. त्या पानाला तीन बोटं होती.

बाईंनी पान उलटं केलं. खालून पांढरट लव होती. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी पुन्हा पाहिलं. लवेचा एकेक केस चांदणीसारखा फाकलेला होता. शंकेला जागाच नव्हती. जागा असती तर बाईंनी ती त्या क्षणी कुठूनही शोधून काढली असती.

भिंगबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चष्म्याच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काचा घासल्या. पुढे काउंटरवर मालक गोड बोलायचा आणि मागे बाई यंत्रावर काच धरून नंबर बरोबर येईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. एकदा तर डॉक्टरनं लिहून दिलेला नंबरच चुकीचा आहे, असं त्यांनी मालकाला ठणकावून सांगितलं. गिऱ्हाइकाला परत पाठवलं, डोळे पुन्हा तपासले, बाई खऱ्या निघाल्या. तेव्हापासून त्यांच्या नजरेला आव्हान द्यायची कुणाची छाती झाली नाही. मुळात नाकावर माशी बसू न देणारी बाई, त्यात ही भर पडली.

त्याच दुकानात एक म्हातारे शिक्षक चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आले होते. वाट बघता बघता त्यांनी खिशातून एक पान काढून बाईंच्या भिंगाखाली सरकवलं. बाई दहा मिनिटं बघत राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, "अजून आहेत?" ते शिक्षक म्हणजे स्थानिक वनस्पती मंडळाचे संस्थापक. पुढच्या रविवारी बाई मंडळात गेल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. मधल्या काळात शिक्षक गेले, दुकान बंद पडलं, नवरा गेला. रविवार काही चुकला नाही.

मंडळाचं काम ऐकायला साधं आहे. शहराबाहेर एक मोठा उतार आहे. तिथे बाहेरून येऊन बोकाळलेलं तण उपटायचं, आणि तिथलीच मूळची झाडं बी पेरून परत आणायची. तणातलं सगळ्यात चिवट म्हणजे गोलपानी. आणि मूळच्या झाडांमधलं सगळ्यात दुर्मीळ म्हणजे तीनबोटी नावाचं झुडूप. त्याची पाच म्हातारी झुडपं उतारावर उरली होती. मंडळानं तीन वर्षं त्यांचं बी गोळा केलं आणि उतारभर पेरलं. काही उगवलं नाही. दर सभेत सगळे हळहळायचे, मातीच नासली म्हणायचे. मागच्या वर्षी रस्त्याची भिंत बांधताना ती पाचही झुडपं यंत्रानं उखडली गेली. त्या दिवशी भिंगबाई उतारावर बसून हमसून हमसून रडल्या होत्या. शेवटचं मूठभर बी त्याआधीच पेरून झालं होतं. डबा रिकामा होता.

आता कुंडीपुढे बसल्यावर त्यांना सगळं कळलं. तीनबोटीची पानं लहानपणी गोल असतात. कुणी हे पाहिलंच नव्हतं, कारण कुणी तिला मोठं होऊच दिलं नव्हतं. मंडळ तीन वर्षं एका हातानं बी पेरत होतं, आणि उगवलं की दुसऱ्या हातानं तण म्हणून उपटत होतं.

आणि हे होत होतं ते भिंगबाईंच्या कार्डावरून. गोलपानी ओळखायचं कार्ड त्यांनीच केलं होतं, स्वतः चित्र काढून, रंगवून, प्लास्टिकमध्ये बंद करून. गोल पान, लालसर देठ, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. दिसलं की मुळासकट उपटा. दर रविवारी प्रत्येकाच्या गळ्यात ते लटकत असे. गेल्या वर्षी एका शाळेत तण दाखवायला म्हणून त्यांनी उतारावरून एक रोप कुंडीत आणलं होतं. काम झाल्यावर ते मशीनमागे विसरलं. सुनेला वाटलं, सासूबाईंचं काहीतरी मोलाचं असणार, म्हणून ती बिचारी कपडे धुऊन झाले की त्याला गुपचूप पाणी घालत राहिली. एरवी सासूबाईंच्या कुंड्यांना हात लावायची तिला बंदी होती.

बाईंना एकदम आठवलं की आज रविवार आहे, आणि सातला सफाई सुरू झाली आहे.

त्या ताडकन उठल्या. सत्कारमूर्तींनी आज कामाला यायचं नाही, थेट अकराला सभागृहात यायचं, असं मंडळानं बजावलं होतं. दुसरे सत्कारमूर्ती होते ड्रायव्हर, गेली एकोणीस वर्षं मंडळाचे सभासद. त्यांनी मात्र ते ऐकलं नव्हतं. ते उतारावर होते. बाईंनी आधी त्यांना फोन लावला. बंद. छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, काम चालू असताना फोन जवळ बाळगणं त्यांच्या लेखी गुन्हाच. मग सेक्रेटरीला लावला.

"मावशी! झाली का तयारी?"

"उपटणं थांबवा."

"काय?"

"उतारावरचं. आत्ताच्या आत्ता थांबवा. ते आपलं झाड आहे, गोलपानी नाहीये!"

मागे माणसांचा गलका होता. "नीट ऐकू येत नाहीये, मावशी. गोलपानीची काळजी सोडा हो. सांगणार नव्हतो, पण आता सांगूनच टाकतो. दरवेळी आपण एकेक पट्टाच करतो ना? आज अख्खा उतार! साठ माणसं जमवलीत. तुम्ही याल तेव्हा एक गोलपानी शिल्लक दिसणार नाही. आमच्याकडून हीच तुमची भेट!"

फोन तुटला. त्यानंतर चार वेळा नुसती घंटी वाजली.

इस्त्री हातात धरून सून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हणजे कार्ड चुकलं?" तिनं विचारलं. बाईंनी मान डोलावली. सून इस्त्री बाजूला ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "आई, कार्यक्रम होऊन जाऊ दे ना. संध्याकाळी सांगा. इतकी वर्षं राबलात, आज सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं... चार तासांनी काय बिघडतंय?"

भिंगबाईंना ते पटलं. खोटं कशाला सांगा, चांगलं मिनिटभर पटलं. त्यांच्या मनात तर याहून पुढचं आलं. कुंडी उचलून कचऱ्यात टाकली की झालं. संध्याकाळी तरी कशाला सांगायचं? बी रुजलं नाही, असं मंडळ आणखी एकदा हळहळेल आणि विषय संपेल. मागची तीन वर्षं कुठे कुणाला कळलं? कुंडीच्या काठाला त्यांनी हातसुद्धा घातला. आणि हे आपल्याला इतक्या सहज जमेल हे कळल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"स्कूटर काढ," त्या म्हणाल्या.

सून चपळ होती. पाच मिनिटांत दोघी रस्त्यावर होत्या. बाईंच्या अंगात घरातलेच कपडे, डोक्यावर मुलाचं ढगळ हेल्मेट, मांडीवर कुंडी. सात वर्षांत त्यांनी सुनेला फक्त "हळू चालव" एवढंच सांगितलं होतं. आज पहिल्या चौकातच त्या ओरडल्या, "अगं, ढकलत नेतेस का? चालव की!"

मनात त्यांचा हिशेब चालला होता. रांग त्यांनीच शिकवलेली. साठ माणसं हाताच्या अंतरावर आडवी उभी राहतात, खालून वर सरकतात, आणि तासाला शंभर पावलं चढतात. उतार अडीचशे पावलांचा. सातला सुरुवात. आठ वाजून गेले म्हणजे शंभर पावलं गेली. आणि उपटलेलं रोप दगडावर मुळं वर करून टाकायचं, म्हणजे ते उन्हानं वाळून पुन्हा जीव धरत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. आज ऊन चांगलं सणसणीत होतं.

पुलाच्या अलीकडे पाण्याची पाइपलाइन टाकायला रस्ता खोदला होता. दोरी बांधून माणूस बसला होता. सुनेनं स्कूटर वळवली. लांबच्या रस्त्यानं पंधरा मिनिटं जास्त लागणार होती, म्हणजे आणखी पंचवीस पावलं. बाईंनी कुंडी इतकी आवळून धरली की तिचा काठ तडकला.

पायथ्याशी पोचल्या तेव्हा आठ चाळीस झाले होते. रांग उताराच्या दोन तृतीयांश वर गेली होती. तिच्या खाली सगळं स्वच्छ, काळी माती उघडी, आणि दगडादगडावर हिरवे पुंजके, मुळं आभाळाकडे. वर साठ पाठी वाकलेल्या. बाई कुंडी छातीशी धरून चढू लागल्या. "थांबा!" त्या ओरडल्या. दम लागला होता, आवाज फुटेना. "थांबा, उपटू नका!"

कुणाचं तरी लक्ष गेलं. "अरे, मावशी आल्या!" रांग सरळ झाली. मातीनं माखलेले साठ जोड हात वर आले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, बाईंना घरी राहवलं नाही. सेक्रेटरी हसत धावत आला. "काय मावशी, सगळी मजा घालवलीत! बघा, फक्त ऐंशी पावलं राहिलीत. पाऊण तासात..."

"एकही नाही," भिंगबाई म्हणाल्या. "कुणी कशाला हात लावायचा नाही."

टाळ्या हळूहळू थांबल्या. बाईंनी कुंडी जमिनीवर ठेवली. आता सगळे बघत होते. एकतीस वर्षं मागच्या खोलीत काढलेल्या बाईंना साठ जणांसमोर बोलायची कधीच आवड नव्हती.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हे रोप मी इथूनच नेलं होतं, गोलपानी म्हणून. त्याला हे पान आलंय. ही तीनबोटी आहे. लहानपणी तिची पानं अशीच गोल असतात. मला माहीत नव्हतं. माझं कार्ड चुकीचं आहे. तीन वर्षं आपण तीनबोटी उपटतोय."

पाठीमागे एका बाईनं हातातलं रोप घाईघाईनं परत मातीत खोचलं. कुणीतरी विचारलं, "मग आम्ही सकाळपासून काय उपटलं?" त्यात राग नव्हता. राग असता तर भिंगबाईंना बरं वाटलं असतं.

रांगेच्या उजव्या टोकाकडून ड्रायव्हर खाली आले. उंच, किंचित वाकलेले, मितभाषी. बाई काय उपटायचं ते सांगत आणि ड्रायव्हर उपटत, हा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी कुंडीजवळ गुडघा टेकला, पान उलटं केलं, परत सुलटं केलं. बाईंकडे पाहिलं नाही. उभे राहिले आणि बसमध्ये पुढे सरका म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "दगडांवरची सगळी उचला. मुळांना ओलं फडकं गुंडाळा. पाण्याच्या बाटल्या इकडे आणा. त्या झाडाखाली सावलीत ठेवा. पळा!"

लोक पळाले. रुमाल, टोप्या, कुणाचा शर्ट, जे हाती आलं ते भिजवलं. सून पायथ्याच्या नळावरून बादल्या आणत होती. झाडाखाली रोपांचा ढीग वाढत गेला. काही कोमेजून दोरा झालेली, काही अजून ताठ. पण त्यात खरं गोलपानीही होतं, आणि लहानपणी दोन्ही तंतोतंत सारखी. ते परत लावलं तर तीनबोटीला गिळून टाकणार. कुठलं कुठलं, कसं ओळखायचं? सगळे भिंगबाईंकडे बघू लागले. बाईंनी एक रोप भिंगाखाली धरलं, मग दुसरं. पान तेच, देठ तोच. त्यांचे डोळे भरून आले आणि मग तर काहीच दिसेना.

ड्रायव्हरांनी ढिगातून एक उचललं. "हे आपलं." दुसरं उचललं. "हे गोलपानी. हे आपलं. हे आपलं."

"कशावरून?" सेक्रेटरीनं विचारलं.

"मुळावरून. गोलपानीचं मूळ सुईसारखं सरळ. ओढलं की सुळकन येतं. याचं बघा, पिळलेल्या सुतळीसारखं आहे. येताना हिसका देतं हाताला."

भिंगबाईंनी भिंग पुसून मुळं पाहिली. खरं होतं. बावीस वर्षं त्या पानं बघत होत्या. मुळं त्यांनी उन्हात वाळायला टाकली होती. आणि त्यांना तीन वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला. याच उतारावर ड्रायव्हर हातात रोप घेऊन आले होते. "बाई, हे जरा वेगळं सुटतंय हाताला," ते म्हणाले होते. बाईंनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "ड्रायव्हर, हाताला गिअर कळतात. पानं डोळ्यांनी बघायची असतात." लोक खो खो हसले होते. ड्रायव्हरही हसले होते. त्यानंतर त्यांनी झाडांविषयी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, आणि आपण केवढा माणूस गप्प केला हे बाईंच्या गावीही नव्हतं.

साडेअकराला अध्यक्ष आले. सभागृहात रिकाम्या खुर्च्यांपुढे पाव तास बसून शेवटी त्यांनी उताराचा रस्ता धरला होता. निवृत्त हेडमास्तर, पायात पॉलिश केलेले बूट, काखेत दोन सन्मानचिन्हं. काय झालं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस भला होता. त्यांना वाटलं, बाईंना सावरायला हवं. "चूक कुणाकडून होत नाही?" ते म्हणाले. "आपण इथेच छोटासा कार्यक्रम करू." आणि त्यांनी खिशातून मानपत्र काढून वाचायला सुरुवातही केली. "अढळ निष्ठेनं मंडळाची सेवा करणाऱ्या..."

"थांबा," भिंगबाई म्हणाल्या. त्यांच्या हाताला कोपरापर्यंत माती होती. "मला सांगायचंय. तीन वर्षांपूर्वी ड्रायव्हरांनी मला सांगितलं होतं, हे रोप वेगळं आहे. मी त्यांची चेष्टा केली. तुमच्यातले काही होते तेव्हा. त्यांना शंका आली होती, मला आली नाही. तेव्हा मी ऐकलं असतं तर आज इथे तीन वर्षांची तीनबोटी उभी असती. हे त्यांना द्या. मला नको."

ड्रायव्हर खाली मान घालून फडक्यानं हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसत होते.

"बाई अर्धंच सांगतायत," ते अखेर म्हणाले. "शंका नव्हती. मला खात्री होती. नंतरही दर रविवारी हाताला कळायचं, की हे ते नव्हे."

भिंगबाईंचा पारा चढला. इतका वेळ लाजेनं मोडलेली बाई एकदम ताठ झाली. "कळत होतं? आणि तरी उपटत राहिलात?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

"का पण?"

"तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच बाईंना ते फार लागलं. सकाळपासून त्यांना वाटत होतं की आपली चूक एका पानाची आहे. आपण समोर असताना लोकांचे हातसुद्धा खोटं बोलायला शिकले, हे त्यांना आत्ता कळत होतं. आणि ड्रायव्हरांना काय वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एका बाईचा मान राखायला त्यांनी शेकडो रोपं स्वतःच्या हातांनी मारली होती, ओळखून, एकेक करून. अध्यक्षांनी मानपत्राकडे एकदा पाहिलं आणि घडी घालून ते खिशात ठेवलं.

"पाणी आटतंय फडक्यांतलं," सून म्हणाली. "लावायची ना?"

मग सगळे पुन्हा कामाला लागले. वरच्या ऐंशी पावलांना कुणी शिवलं नाही. तिथली तीनबोटी आणि गोलपानी दोन्ही तशीच ठेवायची ठरली, पान फुटून ओळख पटेपर्यंत. खाली वाचलेली रोपं परत लावायला घेतली. अध्यक्षांनी बूट काढून ठेवले आणि ते खड्डे करू लागले. ड्रायव्हर मुळं बघून रोपं देत होते, आणि भिंगबाई लावत होत्या.

एक रोप बाईंनी खड्ड्यात उभं धरलं, भोवती माती लोटली, आणि नेहमीप्रमाणे दोन्ही अंगठ्यांनी ती घट्ट दाबायला घेतली.

"दाबू नका," ड्रायव्हर म्हणाले.

बाईंनी झटकन मान वर केली. तोच चेहरा, ज्याच्यापुढे चष्म्याच्या दुकानाचा मालकसुद्धा गप्प व्हायचा. ड्रायव्हर घाबरले होते, हे कुणालाही कळलं असतं.

"हिचं मूळ पिळाचं आहे," ते पुन्हा म्हणाले. "माती सैल पाहिजे. दाबू नका, बाई."

भिंगबाईंनी हात उचलला.